ड्रुइड बनवायचाय? अस्वलाच्या आधी हे वाचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्टीतलं पात्र वठवायचा खेळ, खेळायला पहिल्यांदा बसलेल्या माणसाला ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, का घ्यावासा वाटतो, हे मला नेमकं ठाऊक आहे. प्राणी होता येतं म्हणून. मीही त्याच मोहाने घेतला. पात्राच्या सहा गुणांना वाटायच्या सहा आकड्यांतला सगळ्यात मोठा, म्हणजे १५, मी स्ट्रेंग्थला, म्हणजे ताकदीला दिला, कारण अस्वल कसं दणकट हवं. ज्यावर ड्रुइडचे मंत्र चालतात त्या विझ्डमला, म्हणजे जाणतेपणाला, १२ उरले. पहिल्याच लढाईत चार गॉब्लिन समोर आले आणि मी ऐटीत जाहीर केलं, "मी अस्वल होते."

डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, हा माझा कॉलेजचा मित्र. मान वर न करता तो म्हणाला, "नाही होत."

"का?"

"पहिली लेव्हल आहे. दुसरीला होशील काहीतरी. पण अस्वल नाही, लांडगा वगैरे."

"मग आत्ता काय करू?"

"काठी आहे ना हातात?"

काठी होती. त्या दिवशी मी तीन तास काठी फिरवली, त्यातले बरेच वार हवेत गेले. घरी येऊन नियम नीट वाचले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: प्राणी झाल्यावर स्ट्रेंग्थ त्या प्राण्याचीच धरतात. माझे १५ पाण्यात गेले होते.

ड्रुइड हा आधी मंत्रवाला असतो, प्राणी होणं हा वरचा मसाला. हे एकदा डोक्यात बसलं की खालची प्रत्येक पायरी आपोआप सोपी होते.

बसण्यापूर्वी जवळ काय हवं

- सात फाशांचा संच ('डी'पुढचा आकडा म्हणजे फाशाच्या बाजू): डी४, डी६, डी८, डी१०, शतकाचा डी१०, डी१२ आणि डी२०. सुरुवातीला डी१२ जवळपास पडूनच राहील, पण संचात येतोच.
- कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद. कोरी शीट फुकट मिळते, दोन प्रती छापा. पहिली खराब होतेच.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. हिट पॉइंटची, म्हणजे किती मार सोसता येईल त्या आकड्याची, चौकट एका संध्याकाळी दहा वेळा खोडावी लागते.
- नियम. प्लेयर्स हँडबुक मित्राकडे असेल तर उत्तम. नसेल तर सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ घ्या. ते जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं झालं, त्यामुळे उतरवून घेणं पूर्ण कायदेशीर आहे.
- दोन-तीन प्राण्यांचे आकडे कार्डांवर लिहून. हे दुसऱ्या लेव्हलपासून लागेल.

इथेच पहिला खड्डा आहे. २०१४च्या काळातले 'बेसिक रूल्स' नावाचे फुकट नियम आहेत, त्यात ड्रुइडच नाही. तिथे फायटर, रोग (म्हणजे चोरटा, आजार नव्हे), क्लेरिक आणि विझर्ड एवढेच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे. मी त्यात अर्धा तास ड्रुइड शोधला आहे. वर सांगितलेल्या ५.१मध्ये ड्रुइड आहे, पण वंश मोजकेच आहेत आणि पार्श्वभूमी एकच.

१. आवृत्ती कोणती, ते आधी विचारा

पाचव्या आवृत्तीची दोन रूपं सध्या टेबलांवर चालतात: २०१४चं आणि सप्टेंबर २०२४मध्ये आलेलं सुधारित. दोन्हीत ड्रुइड आहे, दोन्हीत तो प्राणी होतो, आणि दोन्हीत ते होण्याचे नियम वेगळे आहेत. नवखे लोक व्हिडिओ एकाचा बघतात, पुस्तक दुसरं उघडतात आणि मग टेबलावर वाद घालतात. डीएमला सरळ विचारा: वर्ष कोणतं, सुरुवात कितव्या लेव्हलने, आणि आकडे कसे ठरवायचे?

मी खाली २०१४चे नियम धरले आहेत, कारण ज्या टेबलांवर मी खेळले तिथे तेच चालतात. २०२४मध्ये काय बदललं ते शेवटाकडे सांगते.

२. हा ड्रुइड आहे तरी कोण?

हे वाचलं नाही तरी शीट भरते, पण भूमिका भरत नाही.

खरे ड्रुइड म्हणजे प्राचीन गॉल, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या केल्टिक समाजातले विद्वान-पुरोहित. स्वतः त्यांनी लिहून ठेवलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. जे आहे ते बरंचसं रोमन लोकांनी लिहिलेलं. प्लिनी सांगतो की पांढरी वस्त्रं घातलेला ड्रुइड ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो. मिसलटो म्हणजे झाडावर वाढणारी परजीवी वनस्पती. आपल्याकडे आंब्यावर बांडगूळ दिसतं, ते तिच्या दूरच्या नात्यातलं. खेळात ड्रुइडच्या शस्त्रांत विळा का आहे आणि मंत्रांच्या साहित्यात मिसलटोची डहाळी का येते, याचं मूळ इथे आहे.

खेळ १९७४चा. ड्रुइड त्यात १९७५च्या पुरवणीत आला तो चक्क राक्षसांच्या यादीत, खेळाडूंनी लढायचा शत्रू म्हणून. पुढच्या वर्षी, १९७६मध्ये, तो खेळाडूंना घेता येऊ लागला.

खेळातला ड्रुइड देवापेक्षा निसर्गाच्या शक्तीशी बांधलेला असतो, आणि त्याची एक राई असते. देवराई पाहिली असेल तर ही राई समजावून सांगावी लागत नाही: जिथे कुऱ्हाड चालत नाही, वाळकी फांदीही कोणी उचलून नेत नाही. फक्त त्यावरून ड्रुइडला गावचा भगत करून टाकू नका. भगत गावात राहतो, गावासाठी असतो. ड्रुइडचं गावाशी जमतंच असं नाही.

३. वंश निवडा

२०१४च्या नियमांत वंशामुळे आकडे वाढतात, म्हणून विझ्डम वाढवणारा वंश घेणं शहाणपणाचं. नवख्यांसाठी माझ्या दोनच शिफारशी.

वुड एल्फ: डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, २ने वाढते, विझ्डम १ने. चाल ३५ फूट, अंधारात दिसतं, आणि परसेप्शन, म्हणजे आसपासचं टिपणं, हे कौशल्य फुकट मिळतं.

हिल ड्वार्फ: कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, २ने, विझ्डम १ने, शिवाय दर लेव्हलला एक जादा हिट पॉइंट. चाल २५ फूट, म्हणजे पळण्यात मागे राहाल; पण मागे राहूनही जिवंत राहाल.

तुमच्याकडे फक्त फुकटचं ५.१ असेल तर हिल ड्वार्फच घ्या, कारण वुड एल्फ त्यात नाही. तिथला एल्फ हाय एल्फ आहे, तो इंटेलिजन्स वाढवतो. नावात एल्फ दिसलं म्हणून उचलू नका.

पुढचं उदाहरण मी वुड एल्फचं घेते. तिचं नाव रानजाई. आमच्या टेबलावर असली नावं चालतात. तुमच्याकडे इंग्रजी धाटणीचीच हवी असतील तर तसं ठेवा.

४. सहा आकडे मांडा

बहुतेक डीएम नवख्यांना ठरलेला संच देतात: १५, १४, १३, १२, १०, ८. काही जण २७ गुणांची खरेदी करू देतात, काही चार डी६ टाकून सगळ्यात लहान फासा वगळायला लावतात. पहिल्या वेळेला ठरलेला संच बरा. फाशांवर आकडे टाकले की एखाद्याला १८ पडतो, दुसऱ्याला ७, आणि तो पुढचे सहा महिने रुसून बसतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो त्यातून निघणारा मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा. आकड्यातून १० वजा करा, निम्मं करा, अपूर्णांक आला तर खालचा धरा. म्हणजे १४चा +२, १५चाही +२, १६चा +३, आणि ८चा -१.

आता रानजाई. १५ विझ्डमला, वंशाचा १ मिळून १६. ही जागा पक्की, इथे तडजोड नाही. १४ कॉन्स्टिट्यूशनला, कारण मार खाताना मंत्र टिकवायचा तर हीच लागते. मग डेक्स्टेरिटी. इथे बहुतेक जण १३ देतात, २ मिळून १५ होतात आणि मन खूश होतं. पण १५चा मॉडिफायर +२ आणि १४चाही +२. म्हणून मी १२ देते, त्याचे १४ होतात, आणि वाचलेले १३ इंटेलिजन्सला जातात. स्ट्रेंग्थ १०, करिश्मा ८.

स्ट्रेंग्थ १० बघून जीव तुटेल. तुटू द्या. प्राणी झाल्यावर स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन प्राण्याची येते. इंटेलिजन्स, विझ्डम आणि करिश्मा तुमची राहते.

५. पार्श्वभूमी आणि कौशल्यं

पार्श्वभूमी म्हणजे पात्राचं आधीचं आयुष्य. ड्रुइडला शोभणाऱ्या दोन आहेत: हर्मिट (एकांतवासी) आणि आउटलँडर (रानात वाढलेला). हर्मिटला मेडिसिन आणि रिलिजन मिळतं, शिवाय हर्बलिझम किट, म्हणजे जडीबुटीचं सामान, वापरता येतं. पण ते ड्रुइडला क्लासमधूनही येतं. एकच गोष्ट दोनदा आली तर दुसऱ्यांदा त्याच प्रकारचं दुसरं काही निवडायची मुभा आहे. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि एक हक्काची चीज फुकट जाते.

मी आउटलँडर घेते. ॲथलेटिक्स आणि सर्व्हायव्हल मिळतं. शिवाय तुम्ही पाहिलेल्या प्रदेशाचा नकाशा डोक्यात राहतो, आणि जमीन देत असेल तिथे स्वतःसह आणखी पाच जणांचं रोजचं अन्नपाणी शोधता येतं. सामानात एक काठी आणि १० सुवर्णनाणी येतात. ती नाणी लगेच उडवू नका, पुढच्या पायरीत कामाला येतील.

क्लासकडून दोन कौशल्यं निवडायची असतात. परसेप्शन सर्वात उपयोगी, पण रानजाईला ते वंशातूनच आलंय. म्हणून इनसाइट आणि नेचर. नेचर विझ्डमवर नाही, इंटेलिजन्सवर चालतं. ड्रुइडला झाडापाल्याबद्दल विझर्डपेक्षा कमी कळतं असा विनोद टेबलावर होणार, तयारी ठेवा.

६. सामान, आणि धातूची भानगड

सुरुवातीचं सामान ठरलेलं: लाकडी ढाल किंवा एखादं साधं शस्त्र, सिमिटर म्हणजे वाकडी तलवार, किंवा हातघाईचं साधं शस्त्र, चामड्याचं चिलखत, एक्सप्लोरर्स पॅक आणि ड्रुइडिक फोकस. ढाल घ्याच.

फोकस म्हणजे मंत्र टाकताना हातात धरायची वस्तू: मिसलटोची डहाळी, टोटेम, यू झाडाची छडी किंवा लाकडी काठी. काठी निवडली तर तीच मारायची काठी म्हणून वापरू देणार का, ते डीएमला विचारा. बरेच जण देतात.

२०१४च्या नियमांत लिहिलंय की ड्रुइड धातूचं चिलखत आणि धातूची ढाल वापरत नाही. शस्त्रांना ही अट नाही. विळा, खंजीर, सिमिटर, सगळं लोखंडाचं चालतं. लोक इथे दोन्ही बाजूंनी घसरतात: कोणी चेन शर्ट चढवतं, कोणी विळ्यालाही हात लावत नाही. स्टडेड लेदरमध्ये धातूचे खिळे असतात; ते चालतं की नाही यावर मी अर्धा तास चाललेला वाद ऐकलाय. डीएमचा शब्द शेवटचा.

आता ती १० सुवर्णनाणी. हाइड नावाचं जाड कातड्याचं चिलखत बरोबर १० नाण्यांना येतं. चामड्याच्या चिलखताचा पाया ११, हाइडचा १२, आणि दोन्हीत डेक्स्टेरिटीचे +२ पूर्ण मिळतात. ढालीचे २ धरून रानजाईचा आर्मर क्लास, म्हणजे तिला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, १५चा १६ होतो. पहिल्या लेव्हलला ही मोठी गोष्ट आहे. एकच, की खेळ सुरू होण्याआधी खरेदी करू देणार का, ते विचारून घ्या.

७. हिशेबाच्या चौकटी

इथे फक्त बेरजा आहेत, पटकन उरकू.

पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट: ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचे २, म्हणजे १०. प्रोफिशिअन्सी बोनस, म्हणजे पात्राला येणाऱ्या गोष्टींत मिळणारी भर, +२. मंत्राचा सेव्ह आकडा: ८ अधिक २ अधिक विझ्डमचे ३, म्हणजे १३. मंत्रातून वाचायला समोरच्याला डी२०वर एवढं गाठावं लागतं. मंत्राने हल्ला करताना तुम्हाला +५. पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता ध्यानात येणारं) १०+३+२, म्हणजे १५. इनिशिएटिव्ह (लढाईत पाळी ठरवणारा आकडा) +२. सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे स्वतः वाचायला फासा टाकताना, विझ्डम +५, इंटेलिजन्स +३.

भाषांच्या चौकटीत ड्रुइडिक लिहा. ही ड्रुइडांची गुप्त भाषा. झाडाच्या खोडावर, दगडावर निरोप सोडता येतो. दुसऱ्या कोणाला खूण दिसली तरी अर्थ लागत नाही. मी वर्षभर ही चौकट भरून विसरले होते.

८. मंत्र: इथे वेळ द्या

ड्रुइडला त्याच्या लेव्हलचे सगळे मंत्र माहीत असतात. फडताळात सगळे डबे भरलेले आहेत, पण रोज ताटात ठरावीकच पदार्थ वाढायचे. लाँग रेस्टनंतर, म्हणजे साधारण रोज सकाळी, विझ्डमचा मॉडिफायर अधिक ड्रुइडची लेव्हल एवढे मंत्र तयार ठेवायचे. रानजाईचे ३+१, म्हणजे चार. आजची निवड चुकली तर उद्या बदला.

चार मंत्र तयार म्हणजे चार वेळा टाकता येतात असं नाही. टाकायला स्लॉट, म्हणजे मंत्राची एक खेप, लागतो आणि पहिल्या लेव्हलला स्लॉट दोनच. दोन्ही एकाच मंत्रावर खर्च केले तरी चालतं. नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून शीटवर दोन गोल काढा आणि मंत्र टाकला की एक काळा करा.

कँट्रिप, म्हणजे छोटे मंत्र, वेगळे. ते दोन मिळतात आणि कितीही वेळा टाकता येतात. मी घेते प्रोड्यूस फ्लेम आणि गायडन्स. पहिल्याने हातात ज्योत पेटते. तिचा उजेडही होतो आणि ३० फुटांपर्यंत फेकली तर डी८ इजा होते. दुसऱ्याने साथीदाराला एका कौशल्याच्या फाशावर डी४ जादा मिळतो. हिल ड्वार्फ घेऊन पुढे लढायचं असेल तर शिलेली घ्या: काठी विझ्डमवर चालायला लागते आणि डी८ इजा करते. माझ्या पहिल्या ड्रुइडकडे ही असती तर ते तीन तास वेगळे गेले असते.

रानजाईचे पहिल्या दिवसाचे चार मंत्र:

हीलिंग वर्ड. ६० फुटांवर पडलेल्या साथीदाराला डी४ अधिक ३ हिट पॉइंट. आकडा लहान दिसतो, म्हणून लोक क्युअर वूंड्स घेतात, त्यात डी८ मिळतो. पण त्यासाठी जवळ जाऊन हात लावावा लागतो आणि पूर्ण ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतलं मुख्य काम, जाते. हीलिंग वर्ड बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कामात, होतो. शून्यावर पडलेल्याला एक पॉइंट मिळाला तरी तो उठतो, म्हणून मी कायम हाच घेते.

एंटँगल. २० फुटांच्या चौकोनात वेली उगवतात आणि स्ट्रेंग्थचा सेव्ह चुकलेला प्रत्येक जण अडकतो. तुमचे साथीदार आत असले तर तेही, म्हणून त्यांनी धावण्याआधी टाका.

फेअरी फायर. २० फुटांच्या घनातले, सेव्ह चुकलेले सगळे चमकायला लागतात आणि त्यांच्यावर हल्ला करताना सगळ्यांना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा धरायची सवलत, मिळतो. रोग खेळणारा मित्र तुमचे पाय धरेल.

गुडबेरी. दहा बोरं, प्रत्येकाने एक हिट पॉइंट आणि एका माणसाचं एका दिवसाचं जेवण. २४ तास टिकतात. झोपण्याआधी स्लॉट उरला असेल तर बोरं करून ठेवा. सकाळी स्लॉट परत येतो आणि बोरंही खिशात असतात. उपासमारीची मोहीम आखलेला डीएम यावर तोंड वाकडं करतो.

आता कॉन्सन्ट्रेशन. एंटँगल, फेअरी फायर आणि गायडन्ससुद्धा, हे तिन्ही लक्ष धरून ठेवायचे मंत्र आहेत. एका वेळी एकच टिकतो. दुसरा टाकलात की पहिला गेला. चोराला कुलूप उघडताना मदत म्हणून गायडन्स टाकलात की मागे चाललेला फेअरी फायर विझला. लक्ष धरलेलं असताना मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकायचा: १० किंवा इजेच्या निम्मे, जे मोठं असेल ते गाठायचं. शीटवर अशा मंत्रांपुढे ठळक 'लक्ष' लिहा.

आणि हात मोजा. एका हातात ढाल, दुसऱ्यात काठी, मग हातवारे कशाने करणार? प्रोड्यूस फ्लेम आणि एंटँगल यांना मोकळा हात लागतो. हीलिंग वर्ड आणि फेअरी फायर मात्र नुसत्या तोंडाने होतात. पुष्कळ डीएम हे मोजत नाहीत, पण मोजणारा भेटला की पंचाईत होते.

९. दुसरी लेव्हल: आता व्हा प्राणी

आता वाइल्ड शेप. ॲक्शन खर्च करून प्राणी व्हायचं. दोन वेळा होता येतं. शॉर्ट किंवा लाँग रेस्ट घेतला की दोन्ही वेळा परत. किती तास? लेव्हलच्या निम्मे, म्हणजे दुसऱ्या लेव्हलला एक तास.

मर्यादा नीट वाचा. दुसऱ्या लेव्हलला चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी याचा आकडा) १/४पर्यंतचा प्राणी, उडणारा नको, पोहणारा नको. चौथ्या लेव्हलला १/२, पोहणारा चालेल. आठव्या लेव्हलला १, उडणाराही चालेल. म्हणजे घार होऊन टेहळणी करायचं स्वप्न आठव्या लेव्हलपर्यंत गुंडाळून ठेवा. तपकिरी अस्वल रेटिंग १चं आहे, म्हणून माझा मित्र "पण अस्वल नाही" म्हणाला होता.

दुसऱ्या लेव्हलला मला उपयोगी पडलेले तीन:

लांडगा: रेटिंग १/४, ११ हिट पॉइंट, चाल ४० फूट. चावा लागला आणि समोरचा सेव्ह चुकला तर तो आडवा. साथीदार शत्रूला खेटून उभा असेल तर ॲडव्हांटेज.

पँथर: रेटिंग १/४, १३ हिट पॉइंट, चाल ५०, चढणं ४०. आम्ही यालाच बिबट्या म्हणतो आणि डीएमने कधी हरकत घेतलेली नाही.

मांजर: रेटिंग ०, हिट पॉइंट दोन. होय, दोन. लढायला नाही, ऐकायला जायचं. एका सरदाराच्या मुदपाकखान्यात मी मांजर होऊन पाऊण तास बसले होते. कटाची सगळी माहिती मिळाली आणि वर मासळीचा तुकडा.

प्राण्याचे हिट पॉइंट वेगळे मोजायचे. ते संपले की तुम्ही माणसात येता आणि उरलेला मार तुमच्या अंगावर पडतो. लांडग्याचे ४ उरलेत आणि १० इजा झाली, तर माणसात येताना ६ तुमचे गेले.

प्राणी असताना नवा मंत्र टाकता येत नाही आणि बोलताही येत नाही. पण आधी टाकलेला लक्षाचा मंत्र धरून ठेवता येतो. म्हणून क्रम असा: पहिल्या फेरीत फेअरी फायर, दुसऱ्या फेरीत लांडगा, तिसऱ्या फेरीपासून चमकणाऱ्या शत्रूंचे लचके. लांडगा आधी झालात तर फेअरी फायर घरी राहिला.

१०. सर्कल: जमीन की चंद्र

दुसऱ्याच लेव्हलला सर्कल, म्हणजे ड्रुइडांचा पंथ, निवडायचं. मूळ पुस्तकात दोन आहेत. पुढे २०१७ आणि २०२०च्या पुस्तकांत आणखी आली, ती पहिल्या वेळेला बाजूला ठेवा.

सर्कल ऑफ द मून म्हणजे अस्वलवाल्यांचं घर. बोनस ॲक्शनमध्ये प्राणी होता येतं, आणि दुसऱ्या लेव्हललाच रेटिंग १ मिळतं. अस्वलाचे ३४ हिट पॉइंट, तेही दोनदा, आणि दर विश्रांतीनंतर परत. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला ही ताकद इतकी जास्त असते की बाकीचे चिडतात. पाचव्याच्या आसपास फायटर दोनदा वार करायला लागतो आणि अस्वल मागे पडतं. तेव्हा खचून जाऊ नका, मंत्र आहेत.

सर्कल ऑफ द लँडला एक जादा कँट्रिप मिळतो, आणि दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टमध्ये काही स्लॉट परत येतात. तिसऱ्या लेव्हलपासून निवडलेल्या प्रदेशाचे मंत्र कायम तयार असतात आणि ते तुमच्या मोजणीत धरत नाहीत. प्रदेश निवडताना 'माझी जंगलात वाढलीये म्हणून जंगल' असं घाईने करू नका. किनारा घेतला तर मिस्टी स्टेप मिळतो, गवताळ प्रदेश घेतला तर इनव्हिजिबिलिटी. हे दोन्ही ड्रुइडच्या मूळ यादीत नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिला ड्रुइड लँडचा करा. चंद्राचा घेतला की माणूस प्रत्येक प्रश्नावर अस्वल हेच उत्तर देतो आणि मंत्रांची पानं उघडतच नाही. मीही पुढचे सहा महिने हेच केलं.

११. टेबलावर २०२४चं पुस्तक असेल तर

सर्कल तिसऱ्या लेव्हलला. आकड्यांची वाढ वंशातून नाही, पार्श्वभूमीतून. विझ्डम हवी तर गाइड किंवा हर्मिट बघा. पहिल्या लेव्हलला प्रायमल ऑर्डर निवडायची: मॅजिशियन म्हणजे जादा कँट्रिप, वॉर्डन म्हणजे मार्शल, म्हणजे सैनिकी, शस्त्रं आणि मध्यम चिलखत. धातूची बंदी गेली. पहिल्या लेव्हलला तयार मंत्र सरसकट चार, आणि प्राण्यांशी बोलायचा मंत्र कायम तयार.

मोठा बदल वाइल्ड शेपमध्ये आहे. सगळ्यांनाच बोनस ॲक्शनमध्ये होता येतं, पण प्राण्याचे हिट पॉइंट मिळत नाहीत. स्वतःचेच राहतात, वर लेव्हलएवढे तात्पुरते. शॉर्ट रेस्टमध्ये एकच वापर परत येतो. रूपंही सुरुवातीला चारच ठरवून ठेवायची. जुन्या व्हिडिओतली '३४ हिट पॉइंटची ढाल' इथे चालणार नाही.

१२. पाहिलेल्या प्राण्यांची यादी

शेवटचं काम, आणि बहुतेक जण हेच टाळतात. २०१४चा नियम म्हणतो, तुम्ही पाहिलेल्याच प्राण्याचं रूप घेता येतं. ऐन लढाईत डीएमने विचारलं, "पँथर कुठे पाहिलास?" तर उत्तर हवं. म्हणून कॅरेक्टरची पूर्वकथा दोन पानं लिहू नका, सहा ओळी लिहा, आणि प्रत्येक ओळीत एक प्राणी घाला.

रानजाईच्या ओळी अशा आहेत: राईत आईच्या मागे मागे फिरलेली हरणं. पहिल्या हिवाळ्यात ओढ्यापलीकडे थांबलेला लांडगा. धान्याच्या कोठारातली मांजर, जिला ती अजून नावाने हाक मारते. शिकाऱ्याने पिंजऱ्यात आणलेला पँथर, जो तिने रात्री सोडून दिला आणि म्हणून तिला गाव सोडावं लागलं. भावाला पाडणारं रानडुक्कर. आणि लांबून, एकदाच, डोंगराच्या कडेला पाठमोरं अस्वल.

ही यादी पहिल्या सत्राआधी डीएमला वाचून दाखवा आणि त्याची सही घ्या. माझ्या डीएमने अस्वलाच्या ओळीपुढे पेन्सिलने लिहिलं, "पाठमोरं चालेल." मग जरा थांबून पुढे जोडलं, "पण लेव्हल बघ."